शैक्षणिक कर्जाचं व्याज सरकारने भरावं असं वाटत असेल तर आधी पोच घ्या

मामेभावाला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि मामाने कर्जाच्या कागदांचं काम माझ्याकडे सोपवलं. २०१८ मध्ये माझ्या कर्जाच्या वेळी जी चूक झाली ती त्याच्या बाबतीत होऊ द्यायची नाही, म्हणून ही सगळी तयारी लिहून काढतेय. ज्यांच्या घरी यंदा कर्ज निघणार आहे त्यांनीही वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाका. शेतकऱ्यांची कर्जमाफी होते तशी शिक्षणाच्या कर्जाची होईल, या आशेवर कुणीही हप्ते थांबवू नका. मुद्दल माफ करणारी सरसकट योजना आपल्याकडे नाही. आहे ती केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना. ती २००९ पासून चालू आहे आणि बँकेत तिला सीएसआयएस म्हणतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर कोर्सचा काळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्या मुदतीचं पूर्ण व्याज सरकार भरतं. उत्पन्न म्हणजे एकूण उत्पन्न, खर्च वजा करून उरलेलं नव्हे.

हे व्याज किती होतं ते कागदावर मांडून बघा, म्हणजे मी एवढी का मागे लागलेय ते कळेल. चार वर्षं दरवर्षी एक लाख उचलले, दर साडेदहा टक्के. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं सरळव्याज ५२,५०० रुपये, दुसऱ्यावर ४२,०००, तिसऱ्यावर ३१,५००, चौथ्यावर २१,०००. बेरीज १,४७,०००. हे अनुदान मिळालं नाही तर ही रक्कम मुद्दलात जाते आणि दहा वर्षांच्या परतफेडीत दरमहा जवळपास २,००० रुपये निव्वळ तिच्यापायी जातात. माझे जातात.

आता कागद. आधार, पॅन, मार्कशीट, फोटो हे सांगायला नको. कॅपचं (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड आणि कॉलेजच्या लेटरहेडवर चारही वर्षांच्या फीचा तपशील. वसतिगृह, पुस्तकं आणि लॅपटॉपचा खर्चही त्यात धरून घ्या, मागाहून वाढवून मिळत नाही असं समजूनच चला.

प्रवेश पक्का करण्याआधीच कॉलेजला नॅक किंवा तुमच्या शाखेला एनबीएचं मानांकन आहे का ते बघा; नॅक कॉलेज तपासते, एनबीए एकेक तांत्रिक शाखा. केंद्राच्या आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था सोडल्या तर त्याशिवाय अनुदान नाही. कॉलेजच्या फलकावर एनबीए लिहिलेलं असतं, पण ते मानांकन शाखेनुसार आणि ठरावीक मुदतीसाठी मिळतं. मेकॅनिकलला आहे म्हणून एआयला असेलच असं नाही. कर्जसुद्धा अनुसूचित बँकेचं आणि आयबीएच्या (बँकांच्या संघटनेच्या) नमुना योजनेतलंच हवं. फायनान्स कंपनी चार दिवसांत पैसे देते म्हणून तिकडे गेलात तर अनुदान विसरा. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. कुणी घराचे कागद मागितले तर का मागता ते लेखी द्या म्हणा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. तलाठ्याचा अहवाल घ्या, सेतूत अर्ज करा. जुलैत सेतूत पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे सीईटी झाली की लगेच पळा. फॉर्म सोळा किंवा तलाठ्याचा दाखला चालेल असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तहसीलदाराच्या सहीचाच हवा.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. दाखला बँकेत दिला की पोच घ्या.

आमच्या बाबांची पिठाची गिरणी. दाखला वेळेत काढलेला, १,२०,००० उत्पन्नाचा, प्लॅस्टिकच्या निळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला. मी त्याची झेरॉक्स कर्जाच्या टेबलावर दिली, साहेब म्हणाले लावतो फाईलला, आणि मी घरी आले. तीन वर्षांत तीन साहेब बदलले. २०२३ मध्ये पहिला हप्ता कापला गेला तेव्हा स्टेटमेंट काढलं, तर अनुदानाची एकही जमा नोंद नाही. फाईलमध्ये दाखलाच नव्हता. दाखला नाही म्हणून शाखेने कधी दावाच पाठवला नाही, आणि त्या वर्षांच्या दाव्यांची मुदत संपली होती. मी दाखला दिला होता हे दाखवायला माझ्याकडे चिठोरंसुद्धा नव्हतं. बाबा तो निळा फोल्डर काउंटरवर उघडून उभे होते. दाखला खरा होता, तारीख बरोबर होती, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा नीट ऐका. अनुदानासाठी विद्यार्थी थेट अर्ज करत नाही, दावा बँक पाठवते. म्हणून बँकेला काय दिलं आणि कधी दिलं याचा पुरावा तुमच्याकडे हवा. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज लिहा: अमुक कर्जखाते क्रमांक, केंद्रीय व्याज अनुदान योजनेचा लाभ मिळावा, सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्याचा क्रमांक आणि तारीख. एक प्रत बँकेला. दुसरीवर शाखेचा गोल शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्का नुसता नको, तारखेसकट. द्यायला नको म्हणाले तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि शाखेच्या ईमेलवरही टाका. साहेब ओळखीचे आहेत, गावचेच आहेत म्हणून पोच मागायला लाजू नका. आमचे साहेबही भले होते, पण त्यांची बदली झाली.

पुढे तक्रार करायची वेळ आली तरी हीच पोच कामाला येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा लागतो. माझ्याकडे तक्रारीची पोच होती, दाखल्याची नव्हती. तिथेच विषय संपला.

पोच मिळाली म्हणून निर्धास्त होऊ नका. दर एप्रिलमध्ये कर्जखात्याचं स्टेटमेंट काढा आणि अनुदान जमा झालंय का ते बघा. नसेल तर त्याच आठवड्यात लेखी विचारा आणि त्याचीही पोच घ्या. मी पाच वर्षं स्टेटमेंट पाहिलं नाही, पहिल्याच वर्षी पाहिलं असतं तर एका नव्या झेरॉक्सवर काम झालं असतं.

उत्पन्न साडेचार लाखांच्या वर पण आठच्या आत असेल तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी बघा. तीत निवडक संस्थांसाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही व्याजसवलत मिळत नाही, म्हणून आधी महाडीबीटीवरच्या, म्हणजे राज्याच्या पोर्टलवरच्या, शिष्यवृत्तीचा हिशोब करा. मुलींना राज्यात २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे, आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी. त्यांनी कर्ज तेवढं कमीच काढावं.

मध्येच कोर्स सोडला तर अनुदान जातं, आजारपणाचं कारण सोडून. पदवीला घेतलं तर पदव्युत्तरला पुन्हा नाही. परदेशातल्या शिक्षणाला नाही.

नोकरी लागल्यावर पत्ता आणि मोबाईल नंबर बँकेत बदला. हप्ता चुकवू नका, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, वडिलांचंही बिघडतं, ते सहकर्जदार असतात. ८०ई म्हणून ओळखली जाणारी, कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, व्याजाचा दाखला दरवर्षी मागा. कर्ज फिटलं की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या, शिक्का आणि तारीख बघून.