कार्डवालं ॲप की डेटाबेस? नोंदी ठेवताना या चुका टाळा

दिंडोरीकडे माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, सात प्लॉट. दोन सीझन त्यांनी फवारणीच्या नोंदी कार्डवाल्या ॲपमध्ये ठेवल्या, एका फवारणीला एक कार्ड, वर औषधाच्या पुड्याचा फोटो, खाली मजकूर, बाजूला त्या प्लॉटच्या कार्डाची लिंक, आणि ते सगळं मीच लावून दिलेलं. मग माल काढायच्या आधी एक्स्पोर्टवाल्यांचा माणूस आला आणि त्याने एकच विचारलं, गेल्या ४० दिवसांत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक कुठल्या कुठल्या प्लॉटला गेलंय? आम्ही दोघं रात्री साडेअकरापर्यंत एकेक कार्ड उघडून वहीत उतरवत बसलो होतो. नोंद सगळी होती, एकही सुटली नव्हती, पण तिला प्रश्न विचारायची सोयच नव्हती.

म्हणजे पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की टाकायला काय सोपं ते बघून निवडायचं आणि पुढे काय विचारणार त्याचा विचारच करायचा नाही. कार्डाची कल्पना जुनी आहे, ॲपलने १९८७ साली बिल ॲटकिन्सनने बनवलेलं हायपरकार्ड आणलं, त्यात कार्डांची चळत असायची, कार्डावर मजकुराचे रकाने आणि बटणं, बटण दाबलं की दुसऱ्या कार्डावर. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या शिक्षकांनीही त्यात आपापल्या कामाच्या गोष्टी बनवल्या. टेबलवाल्या, म्हणजे ओळी आणि रकान्यांच्या, डेटाबेसची मांडणी त्याच्याही आधीची, १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेली, आणि त्यांचा मुद्दा असा होता की माहिती आत कुठे आणि कशी ठेवलीय हे माहीत नसतानाही माणसाला तिला प्रश्न विचारता आला पाहिजे. आमचं त्या रात्री नेमकं तिथेच अडलं होतं.

रामकुंडावर गुरुजींकडे घराण्यांच्या वह्या असतात बघा. तुम्ही आडनाव आणि गाव सांगता, ते बरोबर ती वही काढतात आणि आजोबा कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. एका वेळी एकच घराणं, त्यातून बापाकडून मुलाकडे जायचं, हे काम कार्डाचंच आहे, तिथे टेबल करून काही मिळणार नाही. पण उद्या कोणी विचारलं की अमुक सालात एकूण किती घराणी आली, तर सगळ्या वह्या चाळाव्या लागतील. म्हणून सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी कागदावर आपले पाचसहा प्रश्न लिहा. “याचं काय झालं?” अशा धाटणीचे असतील तर कार्ड, “किती, कुठले, कधीपासून” असे असतील तर टेबल.

दुसरी चूक, तेच नाव दरवेळी नव्याने टाइप करणं. मामांच्या कार्डांत एकच औषध मॅन्कोझेब, मँकोझेब आणि एम-४५ अशा तीन नावांनी होतं, त्यामुळे सर्चला अर्धीच कार्डं यायची. मराठीत याच्यावर आणखी एक त्रास आहे जो लवकर लक्षातच येत नाही, “ॲझॉक्सीस्ट्रोबिन” मधला पहिला ॲ एका कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून उमटतो आणि दुसऱ्यावर अ अधिक वरची चंद्रकोर अशी दोन, डोळ्याला अगदी सारखं दिसतं पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. औषधांची एक वेगळी यादी करा, प्रत्येकाला नंबर द्या आणि नोंद करताना ड्रॉपडाउनमधूनच निवडा.

“प्लॉट ३, २०० लिटर पाणी, सकाळी” हे सगळं एकाच डब्यात लिहू नका, प्लॉट वेगळा, पाणी वेगळं, तारीख वेगळी. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी, महिना आणि दिवस दोन आकडी (9 नव्हे, 09) टाकली की मजकूर म्हणून लावली तरी क्रम चुकत नाही. आणि आकडे इंग्रजी टाका, देवनागरी आकडे बऱ्याच प्रोग्रॅमना मजकूर वाटतात, बेरीज होत नाही.

लिंक नावावर किंवा क्रमावर बांधू नका. हायपरकार्डमध्येसुद्धा कार्डाचा नंबर मध्ये नवं कार्ड घातलं की बदलायचा, आयडी, म्हणजे कार्डाचा कायमचा ओळख नंबर, मात्र तोच राहायचा; लिंक त्यावर बांधा. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरत असाल तर फॉरेन की ची तपासणी, म्हणजे लिंक केलेली नोंद दुसऱ्या टेबलात खरंच आहे का ते बघणं, सहसा बंदच असते, दर कनेक्शनला चालू करावी लागते, नाहीतर अस्तित्वातच नसलेल्या प्लॉटची नोंदही ते गपगुमान घेतं.

कार्डांवरून टेबलकडे येताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढली आणि एक्सेलमध्ये मराठीच्या जागी भलतीच चिन्हं आली तर घाबरू नका, फाइल डबल क्लिक करून न उघडता डेटा टॅबमधून आत घ्या आणि अक्षरांच्या एन्कोडिंगसाठी यूटीएफ-८ निवडा. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर मात्र आधी युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरं) करून घ्यावा लागतो. नंतर कार्डं किती आणि ओळी किती ते मोजा, कुठलीही दहा कार्डं काढून शब्दन् शब्द पडताळा, आणि जुनी कार्डं एक सीझन तरी डिलीट करू नका.

सगळंच टेबलात कोंबणं हीसुद्धा चूकच. “तिसऱ्या प्लॉटच्या कडेला पानामागे डाउनी दिसला” (डाउनी हा द्राक्षवेलीचा रोग) हे मामा कार्डावरच लिहितात, फोटोसकट, आणि ते तिथेच बरं आहे. टेबलात आम्ही फक्त फवारणी घेतली. त्यात ऑक्टोबर छाटणीची तारीख आधी धरलीच नव्हती, मामांनीच विचारलं की छाटणीपासून कितवा दिवस ते कुठे दिसणार, कारण बागेत सगळा हिशोब त्याच दिवसांवर चालतो. आता प्लॉटच्या यादीत ती तारीख आहे आणि प्रत्येक फवारणीपुढे दिवस आपोआप येतो.