सुगरणीची वसाहत कशी बघायची, सलीम अलींनी किहीमला बघितली तशी

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींबद्दल बोलायचं म्हटलं की लोक पद्मविभूषण, भरतपूरचं पक्षी अभयारण्य, पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ अशी यादी सुरू करतात. ते सगळं खरंच आहे, पण हा माणूस कळायला मला विचाराल तर पावसाळ्यात एका झाडासमोर वही घेऊन बसावं. १९३० ला ते जर्मनीत शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली त्यांची पोस्टच पैशांअभावी गेलेली, मग बायको तेहमिनासोबत अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती, तीच बघत बसले. त्याचा पेपर १९३१ ला छापून आला.

तर आधी झाड शोधा. पाऊस लागला की शिंदी, ताड, बाभूळ, विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेल्या फांद्या बघत फिरायचं, जवळपास ऊस नाहीतर भात असेल तर अजून चांगलं, कारण पात्याच्या लांब पट्ट्या फाडून त्यांनीच विणकाम चालतं. पिवळ्या टोपीचे नर पंख फडफडवत कलकलाट करताना दिसले की समजा सापडली.

झाडाखाली जाऊ नका. लांब, ऊन पाठीवर येईल असं बसा, ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचे धंदे तर अजिबात नकोत.

आता वही. झाडाचं वेडंवाकडं चित्र काढा आणि प्रत्येक घरट्याला नंबर द्या, हे कंटाळवाणं वाटतं पण हेच खरं काम, नाहीतर चार दिवसांनी कुठलं कुठलं ते कळत नाही. मग तारीख, वेळ, नंबर आणि घरटं कुठवर आलंय ते लिहायचं: नुसती कडी, टोपीसारखं अर्धं, की खाली नळी असलेलं पूर्ण.

टोपीवाल्या अवस्थेवर डोळा ठेवा, सगळी मजा तिथेच आहे. विणतो नर बरं का, मादी नाही. अर्धं झालं की मादी येते, आत शिरते, तपासते, आणि पसंत पडलं तरच जोडी जमते. मग नर उरलेलं घरटं आणि नळी पूर्ण करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या मादीसाठी शेजारी नवीन घरटं सुरू करतो! ज्याला कुणी पसंत केलं नाही ते तसंच अर्धवट लोंबकळत राहतं. किहीमला सलीम अलींनी हेच धरलं, आणि त्यासाठी लागला फक्त एकाच जागी बसायचा चिवटपणा.

आत ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. त्यात काजवे चिकटवून सुगरण रात्री उजेड करते अशी गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, पण स्वतः काजवा बघितला तरच वहीत लिहा, ऐकीव काही नको. दिसलं तेवढंच.

आणि हो, त्यांची सुरुवात बंदुकीने झाली होती. दहाएक वर्षांचे असताना एअरगनने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ओळख पटेना म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेले आणि तिथले सचिव मिलार्ड साहेबांनी भुसा भरलेल्या पक्ष्यांचा खजिना दाखवला. पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारून नमुने गोळा केलेच, त्या काळात तीच रीत होती, आपल्याला त्याची गरज नाही. झूमवाला कॅमेरा घ्या.

शोभेला म्हणून घरटी तोडून घरी आणू नका, रिकामी झाली तरी मुनियासारखे छोटे पक्षी त्यात शिरतात.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, ५ ला वन अधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सलीम अलींचा. तोवर वसाहत बहुतेक रिकामी झालेली असते, तेव्हा एकदा जाऊन घरटी मोजा, पूर्ण वेगळी आणि अर्धवट वेगळी, आणि पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्ड वेबसाइटवर ते आकडे कमेंटमध्ये लिहा, झाड कुठलं होतं तेही.