अक्षरं येतात पण वाचता येत नाही? लहान मुलांना वाचायला शिकवणाऱ्यांसाठी

बऱ्याच जणांची तक्रार असते की पोराला क पासून ज्ञ पर्यंत सगळं पाठ आहे, बाराखडी घडाघडा म्हणतं, पण समोर 'सागर' लिहिलं की गप्प बसतं. यात पोराचा काहीच दोष नाहीये. पाठ म्हणणं वेगळं आणि अक्षर बघून त्याचा आवाज आठवायचा, मग तो पुढच्या आवाजाला जोडायचा हे वेगळं, आणि हे जोडणं आपण मुद्दाम शिकवतच नाही, आपोआप येईल असं धरून चालतो. माझं कळकळीने एकच सांगणं आहे, सगळ्यात जास्त वेळ ह्या जोडण्याला द्या.

पहिल्या दिवशी काही शिकवू नका, फक्त गाडी कुठे अडलीये ते बघा. एका कागदावर थोडी सुटी अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहा, मग साधे दोन अक्षरी शब्द, मग चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि शेवटी एक छोटी गोष्ट. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'असर' ह्या शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणात मुलांचं वाचन साधारण असंच पायरीपायरीने तपासतात, आणि एका मुलाला शिकवणाऱ्यालाही ही पद्धत मस्त उपयोगी पडते. जिथे अडेल तिथून सुरू करायचं, ते कितवीत आहे हे थोडे दिवस विसरून जा. दुसरीतलं मूल सुट्या अक्षरांवर अडत असेल तर दुसरीचं पुस्तक पुढ्यात ठेवून रोज त्याचा हिरमोड करण्यात काय अर्थ आहे?

मग थोडं कानाचं काम. कागद पेन्सिल काही नको, नुसतं बोलायचं. 'मगर' मधला पहिला आवाज कुठला, शेवटचा कुठला, 'सागर' मधला 'सा' काढून टाकला तर काय उरलं, असले खेळ जाता येता खेळा. ज्या मुलाला शब्द तोंडाने तोडता येत नाही त्याला तो कागदावर जोडता येणं अवघडच जाणार.

अक्षरं क ख ग घ ङ ह्या क्रमाने शिकवायलाच पाहिजेत असं काही नाही. तो क्रम तोंडात आवाज कुठून निघतो त्यावरून लावलेला आहे आणि तो सुंदरच आहे, पण नवशिक्या मुलाला त्या पाच अक्षरांत वाचायला शब्द किती मिळणार? त्यापेक्षा न, म, र, ग, स, ब आणि एक काना घ्या. एवढ्यावर मन, नगर, मगर, गरम, नरम, बस, नाग, बाग, राग, रान, सागर, मामा, बाबा इतके शब्द होतात, म्हणजे पहिल्याच आठवड्यात मूल खरंखुरं वाचायला लागतं आणि 'बाबा' आपलं आपण वाचल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो ना, त्यावर पुढचे कितीतरी दिवस शिकवणी चालते. सारखी दिसणारी अक्षरं मात्र एकाच वेळी नको हं, भ-म, घ-ध, थ-य, प-ष ह्या जोड्यांतलं एक आधी पक्कं होऊ द्या, मधे बरेच दिवस जाऊ द्या, मग दुसरं आणा आणि तेव्हा दोन्ही शेजारी लिहून फरक कुठे आहे तो त्यालाच बोट ठेवून दाखवू दे.

आता जोडणं. मूल 'मगर' वाचताना म... ग... र... असं एकेक तोडून म्हणतं, प्रत्येकाला मागे लांब अ लावतं, आणि आपण बोलतो तेव्हा शेवटचा र तर अर्धवटच उच्चारतो, त्यामुळे तीन आवाज म्हणूनही त्याला कळत नाही की ही आपली नेहमीची मगर आहे. इथे मोठ्याने 'अरे मगर!' असं सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा. शब्द हाताने झाका आणि एकेक अक्षर उघडत जा, आधी 'सा', मग 'साग', मग 'सागर', प्रत्येक वेळी सुरुवातीपासून न थांबता म्हणायचं. बोट अक्षरांखालून सरकत राहू दे, उचलायचं नाही. शेवटी विचारा, 'आता पटकन म्हण, आपण बोलतो तसं.' हे शेवटचं वाक्य विसरू नका, सगळी गंमत तिथेच आहे, कारण तिथे आवाजाचा शब्द होतो.

मात्रा सगळ्या एकदम नको, एक मात्रा घ्या आणि तिचे भरपूर शब्द वाचा. काना झाला की दीर्घ वेलांटी, कारण ती अक्षरानंतर येते. ऱ्हस्व वेलांटी थोडी उशिरा. ती लिहिलेली असते अक्षराच्या आधी आणि वाचायची नंतर, म्हणून मुलं 'दिवा' बघून 'इदवा' म्हणतात, आणि खरं तर डावीकडून उजवीकडे इमानदारीत वाचलं तर तेच होतं! अशा वेळी ओरडू नका, त्याच्याकडून आधी नुसता 'द' लिहून घ्या, म्हणायला सांगा, मग वेलांटी काढायला लावा, 'दि'. दोन चार शब्द असे स्वतःच्या हाताने लिहिले की डोळा आधी अक्षराकडे जायला लागतो. रफाराचंही तसंच, 'सर्प' मधला र बसलाय प वर पण म्हणायचा आधी. जोडाक्षरं पक्का, गच्ची अशा एकाच अक्षराच्या जोडीपासून सुरू करा, आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र हे सरळ नवीन अक्षर म्हणूनच शिकवा.

ह्या सगळ्याला वेळ लागतो. वाचनावर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की सगळी अक्षरं आणि त्यांची रूपं पक्की व्हायला चौथीपर्यंत किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो. आपली लिपीही त्याच घडणीची आहे, तेव्हा पहिली संपली तरी जोडाक्षरं येत नाहीत म्हणून जीव टांगणीला लावून घेऊ नका.

मूल अडलं की मनात सावकाश पाच आकडे मोजा. तरी नाही आलं तर शब्द न सांगता नेमकी जागा दाखवा, 'मार' ला 'मर' म्हटलं तर 'काना कुठाय बघ बरं' एवढंच. शब्दाच्या मधेच तोडू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या, बऱ्याचदा वाक्य जुळलं नाही की मूल स्वतःच मागे जातं, आणि ते गेलं की तोंडभरून कौतुक करा. चित्र बघून अंदाजाने शब्द ठोकत असेल तर वाचताना चित्र झाका, वाचून झालं की चित्रावर हवं तेवढं बोला. दहा शब्दांत एखादा अडला तर ठीक, सारखंच अडत असेल तर मजकूर अवघड आहे, सोपा घ्या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरी 'पानी', 'आनि', 'व्हता' बोलणारं मूल 'पाणी' ला 'पानी' वाचत असेल तर ती वाचनातली चूक नाहीये, त्याने शब्द बरोबर ओळखलाय, फक्त आपल्या बोलीत म्हटलाय. तिथे टोकलं तर मूल तोंड उघडायलाच घाबरायला लागतं. च च्या दोन उच्चारांचंही असंच, 'चार' आणि 'चाक' त्याला बोलताना आपोआप येतात, फक्त दोन्ही म्हणून बघ आणि कुठला ओळखीचा वाटतो ते घे असं सांगा.

रोज पंधरा-वीस मिनिटं बास, रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. थोडी जुनी अक्षरं, थोडं नवीन, मग वाचन, कालचाच उतारा आज परत वाचला तरी चालेल, उलट तीन चार वेळा वाचला की ओघ येतो. आणि शेवटची पाच मिनिटं तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा, त्याच्या पातळीच्या वरची, कारण जो शब्द कधी कानावरच पडला नाही तो जोडून वाचला तरी त्याचा अर्थ कुठून कळणार.

पुस्तक फार जवळ धरत असेल, ओळ सारखी हरवत असेल, हाक ऐकू येत नसेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. बरेच महिने नियमित करूनही तीच तीच अक्षरं निसटत असतील तर वाचनाच्या अडचणींवर काम करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा, 'लक्षच देत नाही' असा शिक्का मारून मोकळे होऊ नका.

आणि एक छोटी वही तुमच्यापाशी ठेवा, मुलाला दाखवायची नाही. आज कुठले शब्द अडले, नेमकं काय म्हटलं, एवढंच लिहायचं. उद्याची सुरुवात त्यातल्याच दोन तीन शब्दांनी करा.