अधीर मनासाठी टॅरोचं एकच कार्ड

मनाची घालमेल चालू असेल तेव्हा टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, गठ्ठा पिसत बसू नका. एकच कार्ड मुद्दाम निवडा आणि समोर ठेवा. 'पुढे काय होणार' हे विचारायचं नाही, फक्त निरखायचं.

यासाठी १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट संच फार सोयीचा, कारण पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यातल्या साध्या अंकांच्या कार्डांवरही अख्खे प्रसंग चितारलेत. मला सर्वांत जवळचं वाटतं ते 'सेव्हन ऑफ पेंटॅकल्स', म्हणजे सात नाण्यांचं कार्ड. एक तरुण अवजाराच्या दांड्यावर रेलून उभा आहे. सहा नाणी वेलीवर लगडलेली, सातवं पायाशी. तो तोडत नाही, खणतही नाही. नुसता बघतोय. समाधानाने? कंटाळून? की काळजीने? तुम्हाला जे पहिलं वाटेल ते तुमच्याच मनातलं असतं, म्हणून लगेच वहीत उतरवा. त्याखाली लिहा: माझ्या बाजूने सगळं करून झालंय आणि आता फक्त वाट पाहायची आहे, असं कोणतं काम आहे?

शरीरच थकलं असेल तर 'फोर ऑफ स्वोर्ड्स' (चार तलवारींचं कार्ड) घ्या, हात जोडून निजलेला योद्धा. 'हँग्ड मॅन' (टांगलेला माणूस) या कार्डाच्या नावाने दचकू नका. उलट्या टांगलेल्या त्या माणसाचा चेहरा अगदी शांत आहे.

कार्डांच्या अर्थांचं पुस्तक निदान दहा मिनिटं बंद राहू द्या. काही सुचलं नाही तर दुसरं कार्ड ओढू नका, तेच उद्या पुन्हा समोर ठेवा.