घरच्या हातमागाची जोडणी आणि जुळवणी

चार शाफ्टचा (ताण्याचे, म्हणजे उभे, दोरे वर-खाली करणाऱ्या चार चौकटींचा), वर लाकडी रूळ असलेला पायमाग सुटा करून घरी आणला, तर जोडायला मीटर टेप, पाणसळ, रबरी हातोडी आणि बोल्टच्या मापाचे दोन पाने पुरतात. दुसरा माणूस मात्र हवा. बाजूच्या चौकटी एकट्याने उभ्या धरता येत नाहीत.

दोन्ही चौकटींमध्ये आडव्या पट्ट्या बसवा, पण बोल्ट हातानेच फिरवून ठेवा. आता माग वरून पाहून त्याचे दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर आतल्या दिशेने ठोका, पुन्हा मोजा आणि मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा. पुढची तुळई ते मागची तुळई हे अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं आलं पाहिजे. इथे कंटाळा केला की कापडाचा एक काठ कायम ढिला राहतो आणि माणूस सुताला दोष देत बसतो. डुगडुगणाऱ्या पायाखाली लाकडी पाचर घाला. गुळगुळीत फरशीवर ठोक्यागणिक माग सरकतो, म्हणून चारही पायांखाली रबराचे तुकडे हवेत.

शाफ्ट टांगताना पुढच्या तुळईपासून मागच्या तुळईपर्यंत एक दोरा ताणून बांधा. पेडल मोकळी असताना हा दोरा हील्डच्या (शाफ्टवरच्या, उभा दोरा ओवायच्या तारांच्या) डोळ्यांतून आणि फणीच्या (आडवा दोरा ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या) मधोमध सरळ गेला पाहिजे. चारही शाफ्ट पाणसळीत आणि एका उंचीवर हवेत. दोऱ्या पॉलिस्टरच्या, विणीच्या घ्या: नायलॉन ताणाखाली लांबतो, सुती दोरी पावसाळ्यात आखडते आणि बसवलेली मापं बिघडतात. गाठी सुटणाऱ्या ठेवा, कारण त्या बऱ्याचदा सोडाव्या लागतील.

साध्या विणीसाठी १-३ शाफ्ट एका पेडलला, २-४ दुसऱ्याला. पेडल पूर्ण दाबलं तरी जमिनीपासून चारेक सेंमी वर राहावं. टेकलं तर शेड, म्हणजे उभ्या दोऱ्यांच्या दोन थरांमधली फट, अर्धीच उघडते. या फटीतून आडवा दोरा नेणारा धोटा ३ सेंमी उंच असेल तर फणीपाशी शेड ६ सेंमी तरी हवी. रूळवाल्या मागात एक शाफ्ट खाली आणि तीन वर अशी शेड वाकडीच पडते, म्हणून पहिलं कापड साधंच विणा.

चाचणीला २/२० (२० नंबरचे दोन पदर पिळलेलं) सुती सूत, २ मीटर लांब ताणा, १० इंच पन्हा घ्या. ३२ नंबरची फणी, म्हणजे २ इंचांत ३२ घरं. घरात दोन दोरे, एकूण ३२० दोरे, दर शाफ्टला ८० हील्ड. कोकणासारख्या दमट हवेत फणी स्टेनलेस स्टीलचीच घ्यावी. साधी फणी गंजते आणि ताणा घासून तोडते.

आता विणून पाहा. बाण्याची, म्हणजे आडव्या दोऱ्याची, रेघ तिरपी बसत असेल तर फणीची झुलती चौकट एका बाजूला पुढे टांगली गेली आहे. टांगण्याचे बोल्ट सारखे करा. धोटा मध्येच खाली पडत असेल तर खालच्या थरातले काही दोरे लोंबत आहेत. त्या शाफ्टची दोरी तपासा. विणताना ताण अचानक सुटत असेल तर रॅचेटचा (ताण धरून ठेवणाऱ्या दातेरी चाकाचा) खटका दात्यात पूर्ण बसत नाही. काठाचेच दोरे तुटत असतील तर बाणा ताणून ओढला जातोय, तो शेडमध्ये किंचित तिरपा सोडा. एखाद मीटर विणून झालं की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण ठोक्यांनी लाकूड दबतं.