कोड्यांची बैठक बसण्याआधी

पहिलं काम आठवडाभर आधीच उरकायचं. जी कोडी मंडळींपुढे ठेवणार आहात ती सगळी स्वतः, उत्तर न बघता, कागद-पेन्सिल घेऊन सोडवून बघा. एखादं सुटलं नाही तरी चालेल, पण त्याच्याशी झटापट झालेली हवी. नुसतं उत्तर वाचून ‘हां, कळलं’ म्हणणाऱ्याला माणसं कुठे अडतात याचा पत्ता नसतो, आणि बैठक चालवणाऱ्याची खरी गरज तिथेच पडते. आपण कुठली चुकीची वाट धरली, कुठे अडकलो, किती वेळ गेला, हे त्याच कागदाच्या मागे टिपून ठेवा. ऐनवेळी ही पाठची बाजूच जास्त उपयोगी पडते.

निवडताना हावरटपणा नको. दोन तासांच्या बैठकीला चार कोडी पुरतात, पाचवं खिशात राखीव. मी सुरुवातीला पंधरा-पंधरा घेऊन जायचो आणि तिसऱ्यातच वेळ संपायचा. उरलेल्या बारांपायी माझीच घालमेल, ‘चला, पुढचं घेऊ’ अशी घाई, आणि सगळ्यांचा विरस. चारही एकाच जातीची नसावीत. एक शब्दांशी खेळणारं, एक हाताने काही हलवण्याजोगं, एक गोष्टीचं, आणि एक दमदार तर्काचं, ज्याला अर्धा तास दिला तरी कमीच. आकड्यांची धास्ती असलेला माणूस शब्दांच्या किंवा गोष्टीच्या कोड्यात चमकतो, आणि एकदा चमकला की तर्काच्या कोड्यातही टिकून राहतो.

सुरुवातीचं कोडं पाच मिनिटांत सुटणारंच हवं. उदाहरणार्थ: तीन अक्षरं, पहिलं झाकलं तर घाण, मधलं झाकलं तर पोटात उठते, काहीच झाकलं नाही तर पाण्यावर उमलतं. (कमळ, त्यातले मळ आणि कळ.) असली कोडी स्वतः रचणं अवघड नाही, आणि घरची असली की ‘ऐकलंय मी’ म्हणणारा कुणी निघत नाही. मंडळी आकड्यांत रमणारी असतील तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली दाखवलेली गंमत घ्या. प्रत्येकाने मनाने चार अंकी संख्या धरायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करायची, जे येईल त्यावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे तिथेच येऊन पोचतात. शून्य जागेवर धरायचं, ३७८ न लिहिता ०३७८ लिहायचं, एवढं मात्र आधीच सांगा; नाहीतर एकाचं भलतंच काहीतरी येतं आणि वजाबाकी तपासण्यात दहा मिनिटं जातात.

आता ज्या कामाला सगळे कंटाळतात ते. प्रत्येक कोड्याचा मजकूर शब्द न् शब्द लिहून काढा, आणि बैठकीत तो बघून वाचा. ‘मला पाठ आहे’ यावर विसंबू नका. माझी फजिती ऐका. एका बेटावर दोनच तऱ्हेचे लोक असतात, नेहमी खरंच बोलणारे आणि नेहमी खोटंच बोलणारे. रेमंड स्मलियन या तर्कशास्त्रज्ञाने या बेटावरची कितीतरी कोडी रचली. त्यातलं एक साधं: दोघे भेटतात, पहिला म्हणतो, ‘आमच्या दोघांत निदान एक खोटारडा आहे.’ कोण कसा? पहिला खोटारडा असता तर त्याचं वाक्य खरं ठरलं असतं, आणि खोटारडा खरं बोलत नाही. म्हणजे पहिला खरा, दुसरा खोटारडा. मी हे आठवणीतून सांगितलं आणि ‘निदान एक’च्या जागी ‘एकच’ म्हणून गेलो. दोन मिनिटांनी एका शाळकरी मुलीने विचारलं, ‘दोघंही खोटारडे असले तर? मग एकच आहे हे खोटं झालं ना!’ बरोबर होतं तिचं. माझ्या एका शब्दाने कोड्याला दोन उत्तरं झाली होती, आणि मी मात्र आणखी पाच मिनिटं तिलाच समजावत बसलो.

म्हणून लिहिलेला मजकूर बैठकीला न येणाऱ्या एकाला आधी ऐकवून बघा. तो ‘म्हणजे?’ म्हणून जिथे थांबवील तिथे शब्द कमी पडलाय असं समजा. ‘निदान’, ‘नेहमी’, ‘प्रत्येक वेळी’, ‘फक्त’ या शब्दांखाली रेघ मारा. कुणाला काय माहीत आहे, तेही स्पष्ट हवं. तीन दारांच्या कोड्यात सगळी मेख इथेच आहे. एका दारामागे बक्षीस, तुम्ही एक दार निवडता, सूत्रधार उरलेल्या दोनांपैकी एक रिकामं दार उघडून विचारतो, ‘बदलायचंय?’ बदलल्याने जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांश होते, पण केव्हा? बक्षीस कुठे आहे हे सूत्रधाराला ठाऊक असेल आणि तो दर वेळी मुद्दाम रिकामंच दार उघडत असेल तर. १९९० साली मॅरिलिन वॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात हे उत्तर दिलं तेव्हा सुमारे दहा हजार पत्रं आली, बरीचशी ‘तुमचं चुकलंय’ सांगणारी, आणि त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. तुमच्या बैठकीतही तेवढंच तापणार, तेव्हा वाद घालण्यापेक्षा तीन अपारदर्शक कप आणि एक मणी जवळ ठेवा. तीस डाव न बदलता आणि तीस डाव बदलून खेळायला लावा, एकाला नोंद ठेवायला बसवा. पहिल्यात दहाच्या आसपास आणि दुसऱ्यात विसाच्या आसपास विजय दिसले की आवाज आपोआप खाली येतात.

यानंतर सूचक चिठ्ठ्या. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. दर कोड्याला तीन चिठ्ठ्या करायच्या, पहिली नुसती दिशा दाखवणारी, दुसरी चुकीची वाट बंद करणारी, तिसरी जवळजवळ उत्तराच्या उंबऱ्यावर नेणारी. पुलाचं कोडं घ्या. रात्र आहे, पूल अरुंद, एका वेळी दोघेच, कंदील एकच आणि तो प्रत्येक फेरीत बरोबर हवा. चौघांना पूल ओलांडायला अनुक्रमे १, २, ५ आणि १० मिनिटं लागतात. जोडी हळू चालणाऱ्याच्या वेगाने जाते. सगळे कमीत कमी किती वेळात पार? जवळपास सगळेच आधी १९ वर येतात, कारण सगळ्यात चपळ माणसाने प्रत्येकाला पोचवून कंदील परत आणावा हे उघड वाटतं. खरं उत्तर १७. तर पहिली चिठ्ठी: ‘१९ आलं का? त्याहून कमी होतं.’ दुसरी: ‘पाचवाला आणि दहावाला वेगवेगळे गेले तर दोघांचाही वेळ मोजावा लागतो.’ तिसरी: ‘ते दोघे पोचतील तेव्हा कंदील परत आणायला पलीकडे कुणी चपळ माणूस आधीच उभा असेल तर?’ एवढ्यावर बहुतेकांना दिसतं: १ आणि २ जातात, १ परत, ५ आणि १० जातात, २ परत, मग १ आणि २. बेरीज २, १, १०, २, २. चिठ्ठी मागितल्याशिवाय द्यायची नाही, आणि मागितली तर कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत.

सामान फार लागत नाही. खोडरबर असलेल्या पेन्सिली माणशी एक आणि दोन जास्त, चौकटीचे कागद, काड्या, १ ते १२ आकडे चिकटवलेली बारा बटणं, दोन रंगांच्या कागदी टोप्या. बटणं कशाला? बारा नाण्यांत एक खोटं, ते जड की हलकं ठाऊक नाही, तराजूच्या तीनच वजनांत शोधायचं आणि जड की हलकं तेही सांगायचं. तराजू आणू नका, तुम्हीच तराजू व्हा. खोटं नाणं कुठलं ते आधी चिठ्ठीवर लिहून, घडी घालून सगळ्यांसमोर ठेवा, आणि मंडळी बटणं दोन बाजूंना मांडतील तसं ‘डावं पारडं खाली’, ‘समान’ असं सांगत जा. चिठ्ठी आधी लिहिणं महत्त्वाचं. मनातल्या मनात ठरवलं की त्यांच्या चुकीच्या मांडणीला साजेसं उत्तर देण्याचा मोह होतो, मला झालाय. ज्यांना बारा जड जातील त्यांच्यासाठी सोपी पायरीही तयार ठेवा: नऊ नाणी, खोटं जडच आहे हे माहीत, वजनं दोन.

टोप्या ओळीत उभं राहण्याच्या कोड्यासाठी. दहा जण असतील तर दोन्ही रंगांच्या दहा-दहा लागतात, कारण सगळ्यांना एकाच रंगाच्या घालण्याचा हक्क तुम्ही राखून ठेवायला हवा. प्रत्येकाला फक्त पुढच्यांच्या टोप्या दिसतात, बोलायला सगळ्यात मागचा सुरुवात करतो, आणि प्रत्येकाने स्वतःच्या टोपीचा रंग ओळखायचा, म्हणून एकच रंग उच्चारायचा. आधी मसलत करायला वेळ द्या. मागच्याने पुढच्या लाल टोप्यांची संख्या सम की विषम हे आपण उच्चारलेल्या रंगाने कळवायचं, असं ठरलं की उरलेले नऊही जण अचूक सांगू शकतात. बसून सोडवण्यापेक्षा उभं राहून दसपट मजा येते. फक्त एकाची मोजणी चुकली की पुढची सगळी ओळ कोसळते, तेव्हा त्याला धारेवर धरू देऊ नका.

गोष्टीच्या कोड्याची तयारी वेगळी. इथे मंडळी प्रश्न विचारतात आणि तुम्ही ‘हो’, ‘नाही’, ‘त्याचा संबंध नाही’ एवढंच म्हणता. त्यामुळे गोष्टीचा न सांगितलेला भागही लिहून ठेवा. कोण, कुठे, दिवस की रात्र, एकटा की बरोबर कुणी. ऐनवेळी ठरवलेलं उत्तर पुढच्या उत्तराशी भांडतं. या जातीची बरीचशी कोडी मरण, खून, आत्महत्या यांवर बेतलेली असतात आणि काही कुणाच्या उंचीवर किंवा व्यंगावर. कोण बसणार आहे ते बघून चाळून घ्या.

लांबलचक तर्काचं कोडं एकेकट्याने सोडवायचं झालं की बैठक वाचनालय होते. पाच घरांचं प्रसिद्ध कोडं, ज्यात शेवटी ‘झेब्रा कुणाचा?’ असं विचारतात, १९६२ साली छापून आलं. ते आइनस्टाइनने लहानपणी रचलं अशी दंतकथा फिरत असते, पुरावा काही नाही. त्याची विधानं पंधरा. ती पंधरा चिठ्ठ्यांवर लिहा आणि पाच जणांत तीन-तीन वाटा. आपली चिठ्ठी वाचून दाखवायची, दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही. मग गप्प बसणाऱ्यालाही बोलावंच लागतं, कारण त्याच्या हातातलं विधान मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

एखादं न सुटणारं कोडं घ्यायचं असेल तर प्रश्न प्रामाणिकपणे मांडा. क्योनिग्सबर्ग या शहरातले सात पूल, प्रत्येकावरून एकदाच जाऊन सगळे ओलांडता येतात का? ऑयलर या गणितज्ञाने १७३६ साली दाखवलं की येत नाहीत, कारण चारपैकी प्रत्येक भूभागाला जोडणाऱ्या पुलांची संख्या विषम आहे आणि अशा जागा दोनाहून जास्त चालत नाहीत. ‘वाट काढा’ म्हणून लोकांना अर्धा तास झुंजवणं ही चेष्टा झाली. ‘जमतं का? नसेल तर का नाही?’ असं विचारलं तर तोच अर्धा तास मजेत जातो.

बसण्याच्या दिवशी गट पाडा, तिघांचे. दोघांत एक जण नुसता मान डोलवतो, चौघांत एक जण हळूच फोन उघडतो. फोन एका टोपलीत गेले तर बरंच, उत्तरं सगळी तिथे आहेत. कोडं आधी ऐकलेल्याने मूठ छातीवर ठेवायची आणि त्या फेरीपुरतं तुमच्या बाजूला येऊन चिठ्ठ्या सांभाळायच्या, हा नियम पहिल्याच मिनिटाला सांगा. उत्तर सापडलं तर ओरडायचं नाही, तुमच्या कानात सांगायचं. आणि तुमच्या कागदावर नसलेलं, पण अटींत बसणारं उत्तर कुणी काढलं तर ते मान्य करायचं. काड्यांच्या कोड्यांत हे हमखास होतं.

निघायच्या वेळेसाठी एक प्रश्न वेगळा काढून ठेवा. बारा नाण्यांचं कोडं सुटलं असेल तर विचारा: तेरा असती तर? बारांत शक्यता चोवीस असतात आणि तीन वजनांचे निकाल सत्तावीस प्रकारे लागू शकतात, म्हणून तेराच्या सव्वीसही मावतील असं वाटतं. प्रत्यक्षात खोटं नाणं सापडतं, पण ते जड की हलकं हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. हे उत्तर तुमच्या कागदाच्या मागच्या बाजूला असू द्या, आणि पुढची बैठक ठरेपर्यंत कागद कुणाला दाखवू नका.