कोकणातल्या वीज-नोकऱ्या: पगार आणि मनुष्यबळ कसं ताडून पाहावं

आयटीआय किंवा डिप्लोमा हातात आला की रत्नागिरी-चिपळूणच्या मुलामुलींपुढे वीजक्षेत्रातली बरीच नावं असतात. महावितरण गावोगाव आहे. पोफळीचं कोयनेचं वीजगृह आणि उरणचं वायू विद्युत केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं. जयगडला जेएसडब्ल्यू एनर्जीचा 1200 मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प, अंजनवेलला जुन्या दाभोळ प्रकल्पासाठी 2005 साली स्थापन झालेली रत्नागिरी गॅस अँड पॉवर, भिरा-खोपोलीला टाटा पॉवरचं जलविद्युत, तारापूरला अणुऊर्जा महामंडळ. यांत ‘जास्त पगार कुठे?’ हा प्रश्न कंपनीच्या नावाने सुटत नाही. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोन वायरमनपैकी एक कंपनीचा आणि दुसरा ठेकेदाराचा असतो, आणि त्या दोघांच्या पगारातली तफावत दोन कंपन्यांमधल्या तफावतीपेक्षा मोठी असू शकते.

म्हणून कागदावर पहिला रकाना कंपनीचा नको. पद, नोकरीचा प्रकार (कायम, मानधनावर, ठेकेदारामार्फत), पगारपत्रकावर नाव कोणाचं आणि कामाचं ठिकाण, हे चार रकाने आधी भरा. चारही जुळतील त्याच ओळी एकमेकींशेजारी ठेवा. महावितरणचा कायम तंत्रज्ञ आणि प्रकल्पातला ठेकेदाराचा इलेक्ट्रिशियन यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

मग पगार एकाच मापात आणा. खासगी कंपनी वर्षाचा सीटीसी (तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च) सांगते, सरकारी जाहिरात मूळ वेतन किंवा मानधन सांगते. दोन्ही आकडे महिन्याला हातात येणाऱ्या रकमेवर उतरवायचे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ: सीटीसी 4,80,000, म्हणजे महिन्याला 40,000. त्यात मूळ वेतन 18,000. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा 12 टक्के वाटा 2,160, ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या 4.81 टक्के म्हणजे 866, विमा 500, आणि वर्षाअखेरीस ‘कामगिरीनुसार’ मिळणारे 36,000 म्हणजे महिन्याचे 3,000. हे सगळं वजा केलं की 33,474 उरतात. त्यातून तुमचा स्वतःचा निधीचा वाटा 2,160 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 31,114. चाळीस हजारांची नोकरी ती ही. व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 कापला जातो. महिन्याला 25,000 पर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना महाराष्ट्रात तो लागत नाही, तरी कापला गेला तर हिशेब विचारा.

सरकारी बाजूला चूक उलट दिशेने होते. महावितरणच्या डिसेंबर 2023 च्या जाहिरातीत विद्युत सहायकाला पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000 आणि तिसऱ्या वर्षी 17,000 असं एकत्रित मानधन होतं. आकडा पाहून माणूस पान उलटतो. पण तीन वर्षं समाधानकारक पूर्ण झाली की तंत्रज्ञाची वेतनश्रेणी लागते आणि महागाई भत्ता सुरू होतो. शिवाय वेतनकरार झाला की जाहिरातीतले आकडे जुने पडतात: 2024 मध्ये महावितरण, महानिर्मिती आणि महापारेषण या राज्याच्या तिन्ही वीज कंपन्यांसाठी मूळ वेतनात 19 टक्के वाढ जाहीर झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू धरून. तेव्हा जाहिरातीची तारीख आणि शेवटच्या कराराची तारीख शेजारी लिहा, आणि तुलना पहिल्या महिन्याची न करता दहा वर्षांची करा. पहिल्या तीन वर्षांत सहायकाचं एकूण मानधन 5,76,000 होतं, वरच्या उदाहरणातल्या खासगी नोकरीत सव्वाअकरा लाखांच्या आत-बाहेर. चौथ्या वर्षापासूनच्या ओळी कोण कसा भरतो, खरी तुलना तिथे आहे.

घरभाडं, कॉलनी आणि बस यांना किंमत लावायला विसरू नका. केंद्राच्या पद्धतीने पगार देणाऱ्यांकडे आपल्या छोट्या गावांना घरभाडं भत्त्याचा सर्वांत खालचा दर मिळतो, त्यामुळे मुंबईतल्या मित्राचा त्याच पदाचा पगार मोजायला चालत नाही. उलट कॉलनीत क्वार्टर मिळालं तर घरभाडं भत्ता जातो, पण भाडंही वाचतं.

आता मनुष्यबळातलं वैविध्य. बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून वार्षिक अहवालासोबत बीआरएसआर हा सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावाच लागतो. जेएसडब्ल्यू एनर्जी, टाटा पॉवर, एनटीपीसी यांचे अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात. सुरुवातीच्या भाग ‘अ’मध्ये कर्मचारी आणि कामगार वेगळे असतात, दोन्हींत ‘कायम’ आणि ‘कायम सोडून इतर’ असे गट, आणि प्रत्येक गटात स्त्री-पुरुष व दिव्यांग संख्या. कंपनी जाहिरातीत सांगते तो टक्का बहुधा कायम कर्मचाऱ्यांचा असतो. तुम्हाला कामगारांची ओळ हवी आहे, ती स्वतः शोधा.

याच अहवालाचे पुढचे विभाग ‘तत्त्व’ या नावाने क्रमांक देऊन केलेले असतात. तत्त्व 5 खाली स्त्री-पुरुषांचा मध्यक पगार (सगळे पगार क्रमाने लावले की बरोबर मधला) असतो. तो पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. कंपनीतल्या थोड्या स्त्रिया सगळ्या अभियंता असतील आणि पुरुषांत हेल्परपासून सगळे असतील, तर स्त्रियांचा मध्यक वर दिसतो. समान कामाला समान पगार मिळतो असं त्यातून सिद्ध होत नाही. त्याच तत्त्वाखाली एकूण पगारखर्चात स्त्रियांचा वाटा दिलेला असतो. त्याला संख्येतल्या वाट्याने भागा. स्त्रिया 8 टक्के आणि पगाराचा वाटा 6 टक्के असेल तर उत्तर 0.75, म्हणजे त्या सरासरीने खालच्या पदांवर तरी आहेत किंवा कमी पगारावर तरी. मात्र दोन्ही टक्के एकाच गटाचे आहेत ना, ते आधी तपासा. तत्त्व 8 खाली ग्रामीण, निमशहरी, शहरी आणि महानगरी भागांत किती टक्के पगार वाटला तेही येतं. कोकणातल्या माणसाला ही ओळ सगळ्यांत कामाची, आणि ती कोणीच वाचत नाही. अपघात आणि मृत्यूंचे आकडे तत्त्व 3 मध्ये.

हे सगळे आकडे संपूर्ण कंपनीचे असतात, जयगड किंवा भिऱ्याचे नव्हेत. स्थानिक आकडा मुलाखतीत विचारावा लागतो.

महावितरण आणि महानिर्मिती शेअर बाजारात नाहीत. तिथे माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये. कोर्ट फी स्टॅम्प चालतो. मजकूर इतका पुरे: ‘रत्नागिरी मंडळ, 31 मार्च अखेरची स्थिती. विद्युत सहायक, तंत्रज्ञ व वरिष्ठ तंत्रज्ञ या संवर्गांतील मंजूर पदे, भरलेली पदे, त्यांपैकी महिला व दिव्यांग. तसेच बाह्यस्रोतामार्फत त्याच कामावर असलेल्यांची संख्या.’ नावं मागू नका, फक्त संख्या मागा. नावं मागितली की वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील.

मंजूर आणि भरलेली पदं दोन्ही मागायचं कारण असं की, जाहिरातीतलं 30 टक्के महिला आरक्षण समांतर असतं: त्या त्या प्रवर्गात पात्र महिला उमेदवार नसेल तर जागा त्याच प्रवर्गातल्या पुरुषाला जाते. खासगी कंपनीत प्रवर्गाचं आरक्षणच नाही, तिथे प्रत्यक्ष संख्या एवढाच पुरावा.

मुलीने नोकरी घेण्याआधी आणखी तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. महिला तंत्रज्ञांना लाइनवर पाठवतात की उपकेंद्रात आणि काउंटरवर बसवतात? पोलवरच्या अनुभवावर पुढची बढती अवलंबून असेल तर हा प्रश्न पगाराचाच आहे. रात्रपाळीला ने-आण कोण करतं? आणि उपकेंद्रात स्वच्छतागृह आहे का? पावसाळ्यात झाडं फिडरवर (वीजवाहिनीवर) पडली की जनमित्र, म्हणजे महावितरणचे लाइनमन, रात्री-अपरात्री बाहेर असतात. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर तर किनाऱ्यावर कित्येक दिवस हेच काम चाललं. त्या जादा तासांचा मोबदला रोख मिळतो, बदली सुट्टी मिळते की काहीच नाही, हे कायम आणि ठेकेदारी माणसांकडून वेगवेगळं विचारा. ठेकेदाराच्या माणसाला आणखी एक विचारा: भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन (खातेदाराचा कायमचा) क्रमांक आहे का, आणि पासबुकात दर महिन्याला भरणा दिसतो का.